पायाच्या हाडाचा जबडा

सोयगाव,
९ जानेवारी २०२५

प्रिय नूर,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर अक्षरं दाबत बसणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या घासणाऱ्या यंत्रापाशी बसून तू कान घालवलेस. तेवढीच वर्षं तहसीलीत कारकुनी करून मला कागदाशिवाय बोलता येईना. आपलं बरं जुळतं.

तू केलेली खालची कवळी पुन्हा टोचायला लागलीय. डावीकडची, मागच्या तीन दातांची. दिवाळीत तू नवा ठसा घेतलास, घासून दिलीस, त्यानंतर महिनाभर ठीक चाललं. आता ती बसतच नाही. बसवली तर डोलते, आणि तिच्यापुढचा माझा स्वतःचा दातही हलायला लागलाय. दुखत मात्र काही नाही. उमा म्हणते, डावा गाल भरल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, निवृत्तीनंतर माणूस भरायचाच.

खरी अडचण फडात झाली. परवा बनोटीला कुस्त्यांचं निवेदन करत होतो. जोड रंगात आली होती, मी माईकवर ओरडलो, 'पट काढला!' आणि कवळी सुटून जिभेवर आली. शेजारी पंच अप्पाराव बसले होते. म्हणाले, "भाऊसाहेब, पैलवान पडायच्या आधी तुमचंच काहीतरी पडतंय." सगळे हसले, मीही हसलो. पण नूर, पंचवीस वर्षं तालुक्यातला एकही फड माझ्या आवाजाशिवाय झालेला नाही. नोकरी गेली, पोरं पुण्याला गेली. हा आवाज तेवढा राहिलाय.

कवळी डबीत घालून शेजारच्या अतुलबरोबर पाठवतोय. तो रोज शहरात ये-जा करतो. जरा बघ.

तुझा,
हेमचंद्र


छावणी, छत्रपती संभाजीनगर
१४ जानेवारी २०२५

दोस्त हेमचंद्र, सलाम.

डबी मिळाली. कवळी मी घासलेली नाही. सध्या माझ्याजवळच राहू दे.

माझ्या धाकट्या भावाची लेक आमरीन तुला आठवत असेल. आता ती जबड्याच्या शस्त्रक्रिया करते, इथल्या मोठ्या रुग्णालयात. रविवारी घरी आली होती. टेबलावर तुझ्या खालच्या जबड्याचे प्लास्टरचे दोन नमुने होते, एक २०२१ चा आणि एक या दिवाळीतला. तिनं एकेका हातात एकेक घेतला आणि बघतच राहिली. चहावर साय आली तरी ठेवेना. मग मोठ्यानं, माझ्या कानाशी येऊन विचारलं, "चाचा, हे दोन्ही एकाच माणसाचे?"

तिला तुझ्या जबड्याचा एक फोटो हवाय. यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं, तोंडात काही घालत नाहीत, मिनिटभराचं काम. नवी कवळी करायची तर हाडाचा अंदाज पाहिजे, एवढंच. काळजीचं काही नाही.

सोमवारी पहिल्या एसटीनं ये. उमावहिनींनाही आण. मेहरुन्निसा लई दिवस त्यांची आठवण काढतेय.

तुझा,
नूरमोहम्मद


सोयगाव,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय नूर,

तू खोटं लिहिलं होतंस आणि ते मला तेव्हाच कळलं. कवळी घासायला नाही म्हणणारा नूर मी पाहिलेला नाही.

तुला न भेटताच शहरातून पळून आलो, त्याचा राग मानू नकोस. तपासणीसाठी माझ्या जबड्यातला तुकडा काढून तीन आठवडे झाले होते. निकाल ऐकायला मी आणि उमा गेलो. आमरीननं आम्हाला पडद्यासमोर बसवलं. त्या यंत्रानं काढलेला माझा जबडा पडद्यावर गोल फिरत होता. उजवी बाजू भरीव. डावीकडं मात्र कुणी साबणाचा फेस करून हाडात भरावा तसे बुडबुडे, आणि भोवती हाडाचं पापुद्र्यासारखं कवच. त्याच कवचावर मी बोलत होतो, खात होतो, ओरडत होतो.

पोर सरळ बोलली. "काका, हा कॅन्सर नाही. पण ही गाठ आपोआप थांबणारी नाही. जबड्याचा हा भाग कापून काढावा लागेल." हनुवटीपासून कानाच्या खालपर्यंत तिनं बोट फिरवलं. मी विचारलं, मग तिथं काय राहील? ती म्हणाली, "तुमच्या पायाचं हाड."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. उमाकडं पाहिलं तर ती पदरानं तोंड झाकून बसलेली. त्यानंतर आमरीन आणखी बरंच बोलली, पण मला एक शब्द आठवत नाही. उठलो आणि स्टँडवर आलो.

आता उमा पोळी दुधात कुस्करून देते. मी खिडकीत बसून स्वतःच्या पायाकडं बघतो. एकसष्ट वर्षांचा झालो, नूर. पाय कापून तोंड करायचं आणि त्या तोंडानं पुढं काय बोलायचं? आवाजच गेला तर?

तू जन्म दातांत काढलास. पुतणीची भीड सोडून मला खरं सांग. तुझा जबडा असता तर तू काय केलं असतंस?

हेमचंद्र


छावणी,
१९ फेब्रुवारी २०२५

दोस्त हेमचंद्र,

आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे माहीत नाही त्यावर मला सल्ला द्यायचा नव्हता. आमरीनच्या मागं लागलो की आधी मला दाखव.

ती मला रुग्णालयातल्या एका लहान खोलीत घेऊन गेली. खाट नाही, औषधाचा वास नाही. मोठा पडदा, दोन संगणक आणि मंदार नावाचा इंजिनिअर. पडद्यावर तुझी कवटी होती. मी लगेच ओळखली. वरचा तो तिरका दात, सातवीत माझी विटी लागून तिरका झालेला.

मंदारनं खराब हाड काढून टाकलं. तिथं नुसती पोकळी राहिली. मग त्यानं तुझी उजवी बाजू उचलली, आरशात दिसावी तशी उलटी केली आणि डावीकडं नेऊन ठेवली. हेमचंद्र, ती बसली! म्हणजे तुझा डावा जबडा कसा होता, हे तुझ्याच उजव्या जबड्यानं सांगितलं.

मग पायाचं हाड आणलं. नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं ना, ते. माणसाचा भार मोठं हाड पेलतं. हे मधून काढलं आणि घोट्याजवळचा, गुडघ्याजवळचा भाग ठेवला की माणूस चालतो. त्या सरळ हाडाचे पडद्यावर तीन तुकडे केले, कडा तिरक्या कापल्या, आणि ते एकमेकांना टेकवत गेले तसं सरळ हाड वळत वळत जबडा झालं. मी मेणात हजारो दात कोरलेत. डोळ्यांनी अंदाज घेऊन, नखानं चाचपून. या पोरानं अर्ध्या मिलिमीटरसाठी एक तुकडा अकरा वेळा कापला आणि अकरा वेळा परत जोडला. जे काही चुकायचं ते इथंच चुकून घेतो, म्हणाला. प्रत्यक्ष हाडावर चुकायला जागा नसते.

मी विचारलं, नुसती धातूची पट्टी का नाही बसवत? आमरीन म्हणाली, "चाचा, पट्टी तर लावणारच. पण ये हड्डी अकेली नहीं आती." हाडाबरोबर त्याची रक्तवाहिनी काढतात आणि ती मानेतल्या वाहिनीला जोडतात, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं. म्हणजे ते हाड तोंडात गेल्यावरही जिवंत राहतं. त्यातच दातांसाठी खुंट्या बसवतात. काही महिन्यांनी हाड त्या खुंट्यांना धरून घेतं आणि मग त्यांवर पक्के दात येतात. काढायचे-घालायचे नाहीत.

शेवटी मंदारनं शेजारच्या यंत्रातून छापलेला तुझा नवा जबडा माझ्या हातावर ठेवला. पांढरा, हलका. बरोबर करवतीला वाट दाखवणारी एक चौकट, हाडावर बसवायची आणि तिच्या फटीतूनच कापायचं. मी तो फिरवून फिरवून पाहिला. मला वाटायचं, ही यंत्रं माझ्यासारख्यांचा धंदा खायला आलीत. त्या खोलीत तसं वाटायलाच सवड मिळाली नाही.

आवाजाचं मी स्पष्ट विचारलं. आमरीननं खोटा दिलासा दिला नाही. आवाज गळ्यात होतो, तिथं कुणी हात लावणार नाही. उच्चार मात्र बिघडतील. खालचा ओठ डावीकडं बधिर राहील, बहुतेक कायमचा. दात बसल्यावर बरेच शब्द परत येतात. सगळे येतील असं ती म्हणत नाही. आणि काहीच केलं नाही तर एक दिवस घास चावताना जबडा मोडेल.

माझा जबडा असता तर? मी आमरीनच्या हातात दिला असता. करून घे. मी तुझ्या उशाशी असेन.

नूरमोहम्मद


रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर
२५ मार्च २०२५

नूर,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. गळ्यात नळी आहे, नाकात नळी आहे, पाय पट्ट्यात आहे. बोलता येत नाही. उमाला आणि नर्सला पाटीवर लिहून दाखवतो.

सतरा तारखेला शस्त्रक्रियेला दहा तास लागले म्हणे. दोन तुकड्या एकाच वेळी काम करत होत्या, एक तोंडाशी, एक पायाशी. मला एवढंच आठवतं की छतावरचे दिवे मोजत होतो आणि सहाव्यानंतर मोजणं राहिलं.

तुला एक गोष्ट सांगायचीय म्हणून हे लिहितोय. इथं अश्लेषा नावाची नर्स आहे. सुरुवातीचे दिवस ती दर तासाला यायची आणि पेनासारखी एक कांडी माझ्या गालाच्या आत अलगद टेकवायची. तिच्या हातातल्या डबीतून आवाज यायचा. फुश्‌... फुश्‌... फुश्‌... पहिल्यांदा मी घाबरलो. पाटीवर लिहिलं, 'हे काय?' ती म्हणाली, "काका, तुमच्या पायाच्या हाडातलं रक्त. जोडलेली नस चालू आहे."

नूर, मी फडात हजारो लोकांचा गलका ऐकलाय. हलगी ऐकलीय. पण त्या डबीतल्या आवाजानं अंगावर काटा आला. एकसष्ट वर्षं जे हाड माझ्या पोटरीत मुकाट होतं, ते आता माझ्या तोंडात बोलत होतं. उमाला खूण करून जवळ बोलावलं. तिनंही ऐकलं. मग दर तासाला ती नर्सच्या आधीच उठून बसायची.

परवा त्यांनी मला उभं केलं. काल सहा पावलं चाललो.

आठ दिवस झाले. मेहरुन्निसाभाभी तीनदा येऊन गेल्या. तू आला नाहीस. उशाशी असेन असं लिहिलं होतंस.

हेमचंद्र


छावणी,
३० मार्च २०२५

हेमचंद्र,

मी दोनदा आलो होतो. लिफ्टपर्यंत आलो आणि परत गेलो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. आज लिहितो. उद्या ईद आहे; मनात हे ओझं ठेवून मला सण करायचा नाही.

त्या लहान खोलीतली एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. मंदारनं माझ्याकडचे ते दोन्ही नमुने यंत्रात घालून पडद्यावर एकावर एक ठेवले होते, २०२१ चा आणि दिवाळीचा. जिथं फरक नाही तिथं हिरवा रंग, जिथं हाड फुगलंय तिथं लाल. डावीकडं मागं एक लाल डाग होता, हिरडीच्या बाहेरच्या अंगाला. तो डाग मी ओळखला. कवळीला बरोबर तिथंच मी तीनदा घासलं होतं. २०२२ मध्ये, २०२३ मध्ये आणि या दिवाळीत.

तू येऊन म्हणायचास, टोचतंय. मी म्हणायचो, तू रात्री पाण्यात ठेवत नाहीस, म्हणून आकार बिघडतो. तुला रागवायचो, यंत्र सुरू करायचो आणि कवळी बारीक करायचो. कवळीचा आकार बदलला नव्हता रे. तुझं हाड वाढत होतं आणि मी त्याला जागा करून देत होतो. मी दात बनवणारा माणूस, डॉक्टर नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, आधी डॉक्टरला दाखवा. तू दोस्त, म्हणून परस्पर करून दिलं. तीन वर्षांपूर्वी बोललो असतो तर आमरीन म्हणते कदाचित लहान शस्त्रक्रियेत भागलं असतं.

पडद्यावर माझी चूक रंगवून समोर ठेवली होती. तिथं आमरीन होती, मंदार होता. मी तुला त्याच दिवशी लिहायला हवं होतं. तू ऑपरेशनला नाही म्हणशील या भीतीनं लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तू मला काय म्हणशील याची भीती होती.

माफी मागतो. तू पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

नूरमोहम्मद


सोयगाव,
१२ एप्रिल २०२५

प्रिय नूर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, तो लपवत नाही. दिवसभर होता. संध्याकाळी उमाला वाचायला दिलं. वाचून तिनं घडी घातली आणि म्हणाली, "आता तुमचंही सांगून टाका त्यांना."

तर ऐक. २०२३ च्या उन्हाळ्यात फुलंब्रीला एका फडासाठी गेलो होतो. कवळी टोचत होती म्हणून तिथल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. चारुता नाव. तरुण पोर होती. तिनं बोटानं गाल दाबून पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली: जबड्याचा मोठा एक्स-रे काढा, याच आठवड्यात. मी चिठ्ठी खिशात घातली. पुढं सलग नऊ फड होते. काही वाईट निघालं तर माईक हातातून जाईल, या भीतीनं चिठ्ठी पाकिटात तशीच ठेवली, आणि पुढच्या महिन्यात तुझ्याकडं येऊन म्हटलं, 'नूर, तुझी कवळीच बिघडलीय.' तुला चिठ्ठीबद्दल बोललो नाही. उमालाही नाही. तिला ती पाकिटात सापडली, मी रुग्णालयात असताना.

तू ज्याला जागा करून देत होतास ते काय आहे हे तुला माहीत नव्हतं. मला निदान कुणीतरी लिहून दिलं होतं. आता यात कुणाचं किती ते मोजत बसू नकोस. मला त्याची ताकद नाही.

काठी घेऊन अंगणापर्यंत चालतो. नळ्या निघाल्या. बोलतो, पण उमाशिवाय कुणाला कळत नाही. दात नसल्यामुळं खालचा ओठ आत पडतो. धोंडिबा दूध घालायला आला, त्याला मी काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "व्हय व्हय, भाऊसाहेब," आणि निघून गेला. त्याला काडीचं कळलं नव्हतं. लोकांचं हे 'व्हय व्हय' मला फार लागतं.

ये. एसटी फुलंब्रीवरूनच येते. आता लिफ्ट नाही, सरळ ओसरीवर यायचंय.

तुझा,
हेमचंद्र


छावणी,
९ ऑक्टोबर २०२५

दोस्त हेमचंद्र, सलाम.

परवा तू घरी गेलास तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. तू खुर्चीत डोळे मिटून होतास, त्यामुळं काय काय झालं ते तुला माहीत नाही.

आमरीननं ठशासाठी तोंडात काही कोंबलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. टॉर्चएवढी एक कांडी तुझ्या दातांवरून, खुंट्यांवरून फिरवली आणि पडद्यावर तुझं तोंड उमटत गेलं, कुणी आतून चित्र काढत असल्यासारखं. पायाच्या हाडातल्या चारही खुंट्या पक्क्या होत्या. आमरीननं एकीवर हलकं ठोकलं, मग मला खूण केली, बोट ठेवा. मी ठेवलं. ऐकू येत नाही, पण बोटाला कळतं. भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी घट्ट.

नंतर मंदारनं मला कापणाऱ्या यंत्रापाशी नेलं. काचेमागं खडूसारखी पांढरी चकती फिरत होती आणि सुईएवढी दोन पाती तिला दोन्हीकडून कोरत होती. पाण्याची धार सुरू होती. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आधी नुसता उंचवटा, मग त्यावर टेकाडं, मग टेकाडांमधल्या घळी. दाढेवरच्या त्या घळी कोरायला माझ्या उस्तादानं मला दोन वर्षं शिकवलं होतं. पहिलं वर्ष तर साबणाच्या वडीवर. माझ्यासमोर त्या काही मिनिटांत उतरल्या, आणि खोट्या नव्हत्या. मी डोळे बारीक करून चूक शोधत होतो, खरं सांगतो. सापडली नाही. मंदारला म्हणालो, "माझे उस्ताद असते तर त्यांनी या यंत्राला जवळ बसवून घेतलं असतं." तो हसला. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

दोन दिवसांनी भट्टीतून भाजून, रंगून दात आले आणि स्क्रूनं तुझ्या तोंडात घट्ट बसवले गेले, ते तुला माहीत आहे.

आता जे माहीत नाही ते. एप्रिलपासून मी पाच वेळा सोयगावला आलो. आपण ओसरीवर तासन्‌तास बसलो. तू बोलायचास, मी मान हलवायचो, मधे हसायचो. हेमचंद्र, त्यातलं मला काही कळत नव्हतं. कान गेल्यापासून मी तुझ्याशी ओठ बघून बोलत आलोय. तुझे ओठ मला पाठ होते. शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ आत गेला आणि तुझा प, तुझा म, तुझा व, सगळे एकसारखे दिसायला लागले. तू धोंडिबाच्या 'व्हय व्हय'बद्दल लिहिलं होतंस, म्हणून सांगायची छाती झाली नाही. पाचही वेळा मी तेच करत होतो. परतीच्या एसटीत बसून विचार करायचो, आज हा काय सांगत होता? उमावहिनींना कळलं असावं. त्या अधूनमधून तुझं वाक्य मोठ्यानं परत म्हणायच्या, जणू त्यांनाच पटलं म्हणून.

परवा आमरीननं शेवटचा स्क्रू घट्ट केला, खुर्ची सरळ केली आणि आरसा तुझ्या हातात दिला. तू आरशात पाहिलंच नाहीस. माझ्याकडं वळलास. ओठ पुढं आला, दातांना टेकला, आणि तू म्हणालास, "वजनच वाटत नाही रे, नूर. पहिल्यापासून माझेच असल्यासारखे."

अख्खं वाक्य. एक अक्षर सुटलं नाही.

मी हात धुऊन येतो म्हणून बाहेर गेलो आणि बराच वेळ आलो नाही. तू नंतर विचारलंस, कुठं होतास? मी म्हणालो, नळाला पाणी नव्हतं. पाणी होतं.

पुढच्या रविवारी येतोय. सहा महिन्यांत ओसरीवर जे जे बोललास ते पहिल्यापासून पुन्हा सांग. मला ऐकायचंय.

तुझा,
नूर